सावलीचा हिशेब

मे महिन्यातली दुपार. अकोल्याहून सुटलेली एस.टी. पातूरचा घाट चढून, मेडशी मागे टाकून मालेगावच्या अलीकडे एका फाट्यावर थांबली. उतरणाऱ्यांत एक म्हातारी होती आणि तिच्याबरोबर सात-आठ वर्षांची नात. गाव तिथून आत दोन-अडीच किलोमीटर. म्हातारीने पदर कपाळावर ओढून इकडेतिकडे पाहिले आणि नातीला घेऊन ती महामार्गाच्या दिशादर्शक फलकाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. फलक भला मोठा, पण त्याची सावली दोन माणसांच्या अंगावर जेमतेम पुरेल एवढी. गावाकडून न्यायला कोणी येईपर्यंत त्या दोघी तिथे उभ्या राहणार होत्या आणि सूर्य सरकेल तशा सरकणार होत्या.

याच फाट्यावर पूर्वी तीन निंब होते. आम्ही वऱ्हाडातली माणसे कडुनिंबाला नुसते निंबच म्हणतो. बुंध्याला गेरू आणि चुन्याचा पट्टा, त्यावर बांधकाम खात्याने रंगवलेला आकडा, खाली घासून गुळगुळीत झालेले दगड. एका निंबाखाली चहाची टपरी, दुसऱ्याखाली सायकल दुरुस्तीवाला, तिसरा प्रवाशांचा. एस.टी. तासभर उशिरा आली तरी कुणाची फारशी तक्रार नसे. आज फाटा आहे, टपरीही पत्र्याखाली तग धरून आहे. निंब मात्र रस्त्याच्या रुंदीकरणात गेले.

प्रथमच सांगतो, मी रस्त्याच्या विरोधात नाही. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी होणे गरजेचेच होते. जुन्या एकेरी रस्त्यावर समोरून ट्रक आला की गाडी खाली उतरवावी लागे आणि अडलेली बाळंतीण अकोल्याला पोहोचेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे. रस्त्याला अगदी खेटून उभ्या असलेल्या झाडांवर गाड्या आदळून माणसे गेली, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा काही झाडे जाणारच होती. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गेलेल्या झाडांच्या बदल्यात किती रोपे लावली याचा हिशेब सरकारदरबारी असतो. गेलेल्या सावलीच्या बदल्यात किती सावली आली, याचा हिशेब कोणाच्या वहीत आहे?

सावलीतले तापमान, उन्हातला माणूस

उन्हाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो, 'विदर्भात पारा ४४ अंशांवर'. हा पारा कोठला, याचा विचार आपण सहसा करत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडू द्यायचे नाही आणि वारा मात्र खेळू द्यायचा, अशी ती रचना. म्हणजे छापून येणारे तापमान हे सावलीतले तापमान असते. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसावर त्याखेरीज थेट ऊन पडते आणि खालून तापलेले डांबर भाजत असते. अशा दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पलीकडे जातो. झाडाखालच्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच कमी भरेल. पण अंगावर पडणारे ऊन आणि जमिनीतून येणारी धग ही दोन्ही तुटतात, म्हणून शरीराला पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. पत्र्याचे शेड आणि झाड यांतला फरकही इथेच आहे. पत्रा स्वतः तापतो आणि खाली बसलेल्याला भाजतो. झाडाचे पान बाष्प सोडत राहते, त्यामुळे ते पत्र्यासारखे तापत नाही.

ही सावली कोणाला लागते? चारचाकीत काचा वर करून बसलेल्याला नाही. ती लागते एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला, शेळ्या राखणाऱ्या पोराला, हळद खणून परतणाऱ्या बायांना, बाजार समितीबाहेर सोयाबीनचे पोते घेऊन ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला, पोहरादेवीच्या यात्रेला पायी निघालेल्या तांड्यांना. वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, बहुतांशी कोरडवाहू जिल्हा. २०१८ साली केंद्राने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांना 'आकांक्षित जिल्हे' असे गोड नाव दिले, त्या यादीत तो आहे. इथल्या बहुसंख्य माणसांचा दिवस उघड्यावर जातो. अशा जिल्ह्यात सावलीला शोभेची वस्तू म्हणता येत नाही. पाणी आणि वीज यांच्यासारखीच ती रोजची गरज आहे. तिच्यासाठी वेगळे खाते नाही, एवढेच.

थांबता येत नाही अशी सावली

सावलीचा हिशेब कसा चुकतो, हे पाहायचे तर समृद्धी महामार्गाकडे पाहावे. मुंबई आणि नागपूर जोडणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या जिल्ह्यातून कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग. दोन्ही बाजूंना कुंपण. पायी माणसाला, बैलगाडीला, दुचाकीला आत प्रवेश नाही. द्रुतगती मार्गावर ते योग्यच आहे. पण अशा रस्त्याच्या कडेला लावलेले झाड कितीही वाढले तरी त्याखाली कोणी बसू शकणार नाही. कार्बन शोषला जाईल, धूळ अडेल, डोळ्यांना बरे वाटेल. नाही असे नाही. मात्र फाट्यावरच्या निंबाची भरपाई कुंपणाच्या आतल्या झाडाने होत नाही. कागदावर दोन्ही झाडांची किंमत सारखीच, एक.

केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात रस्त्याच्या एकूण खर्चातला एक टक्का झाडांसाठी राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. पैशांची वानवा आहे असे त्यामुळे म्हणता येत नाही. वानवा आहे ती वेळेची आणि धीराची. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अभियंत्यांना आणि कामगारांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण रस्ता साडेचार दिवसांत होतो म्हणून सावली होत नाही. कोरडवाहूतला निंब डोक्यावर जायला चार-पाच वर्षे घेतो, बसण्याजोगी सावली धरायला दहा-बारा, आणि टपरी, सायकलवाला, प्रवासी या सगळ्यांना सामावून घ्यायला पंचवीस. घेर दहा मीटरचा झाला की भर दुपारी त्याच्याखाली सुमारे ७८ चौरस मीटर जमीन झाकली जाते. ही पंचवीस वर्षे कोणत्याही यंत्राने कमी होत नाहीत. म्हणूनच उभे झाड तोडताना हात आखडायला हवा.

ही समज आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड आणण्याचा विषय येतो. तिथे बजावले आहे की आंबा-फणसाची झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला झाडाचे वय मोजता येत होते. आपण झाडांची संख्या मोजतो.

घरचे आणि पाहुणे

प्रत्येक मुलखाचे आपले एक चिवट झाड असते. युरोपात ते ओक आहे. हिमालयात त्याच कुळातले बांज आहे, आणि बांजाच्या जागी चीड पाइन पसरू लागला तेव्हा झऱ्यांचे पाणी कमी झाल्याची तक्रार तिथल्या बायांनी सर्वांत आधी केली. आमच्या वऱ्हाडात हा मान निंबाचा. त्याच्या जोडीला वड, पिंपळ, चिंच, मोह, आणि ओढ्याकाठी करंज व जांभूळ.

निंबाचे वैशिष्ट्य त्याच्या वेळापत्रकात आहे. माघ-फाल्गुनात तो पाने गाळतो आणि चैत्र लागता लागता नवी पालवी घेऊन उभा असतो. पाडव्याला गुढीला बांधायला आपण तीच कोवळी पाने आणतो. म्हणजे सावलीची गरज सर्वांत जास्त असते त्या एप्रिल-मे महिन्यांत निंब पानांनी भरलेला असतो. आता आमच्या जंगलातला साग पाहा. लाकूड लाखमोलाचे, पण मे महिन्यात तो निष्पर्ण खांबासारखा उभा. पळस फुलतो सुंदर, पण तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा. मे महिन्यात त्याच्याइतके देखणे झाड नाही हे कबूल, पण ऐन एप्रिलात तो उघडा असतो, त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात रस्त्यावर आडवा झालेला गुलमोहर कोणी पाहिला नाही? सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून आलेले, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ही झाडे लवकर वाढतात, काहींना जनावरे तोंड लावत नाहीत, त्यामुळे जगलेल्या रोपांची टक्केवारी चांगली दिसते. आकडा हवा असेल तर ती उत्तम आहेत.

आपला निंब मात्र परमुलखात जाऊन सावलीसाठीच नावाजला. हजच्या यात्रेकरूंना उन्हापासून आसरा मिळावा म्हणून मक्केजवळच्या अराफातच्या मैदानावर सुमारे पन्नास हजार निंब लावले गेले. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला, नायजर देशातल्या माज्जिया खोऱ्यात, वाळू घेऊन येणारा वारा अडवायला १९७० च्या दशकापासून निंबाच्या शेकडो किलोमीटर लांबीच्या रांगा उभ्या केल्या गेल्या. निंबाच्या बुरशीनाशक गुणावर १९९४ साली युरोपात दिले गेलेले पेटंट भारताच्या बाजूने लढून २००० साली रद्द करून घेतले गेले आणि २००५ साली तो निर्णय कायम झाला. त्या वेळी आपल्याला निंबाचा केवढा अभिमान वाटला होता! त्याच निंबाला दारात मात्र जागा द्यायची नाही, अशी आपली तऱ्हा.

अर्थात निंब म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले तर त्याची मुळे कुजतात. उन्हाळ्यात हीच जमीन हातभर भेगाळते आणि कोवळी मुळे तोडते. अशा ठिकाणी खड्ड्यात मुरूम मिसळून, थोडा उंचवटा करून रोप लावावे लागते, किंवा सरळ करंज अथवा बाभूळ निवडावी लागते. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्या काठी तर करंजच बरा. त्याला पाण्यात पाय ठेवायची सवय आहे. कारंजा शहराचे नाव करंज ऋषींच्या आख्यायिकेशी जोडले जाते, आणि ज्या झाडाचे नाव त्या ऋषींना मिळाले ते झाड आज कारंजात किती रस्त्यांवर दिसते, हे तिथल्या वाचकांनीच पाहावे. दुसरे असे की एकाच जातीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. तेलंगणात २०२१ च्या सुमारास निंबाचे शेंडे वाळण्याचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. बरीच झाडे पुन्हा फुटली, पण इशारा मिळाला. रस्त्याच्या कडेला चार जाती असतील तर एकीवर संकट आले तरी बाकीच्या तीन सावली देतील. शेतकरी तुरीच्या ओळी सोयाबीनमध्ये पेरतो तो याच शहाणपणाने.

मोहिमा आणि खड्डे

महाराष्ट्रात झाडे लावण्याचा उत्साह कमी नाही. १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. मग २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. आकडे असे चढत गेले की पुढे विधिमंडळात या मोहिमेच्या चौकशीची मागणी झाली आणि २०२१ साली समितीही नेमली गेली. त्या राजकारणात मला शिरायचे नाही. मी फक्त माझ्या गावच्या पांदणीवर काय घडले ते सांगतो.

आम्हीही २०१६ च्या पावसाळ्यात तिथे रोपे लावली. मीही हातात कुदळ घेऊन उभा होतो, फोटोत आहे. रोपे हातभर उंचीची, काळ्या पिशवीत महिनोन्महिने राहिलेली. निंबाचे सोटमूळ खोल जाण्यासाठी जन्माला येते. पिशवीत ते बुडाशी वेटोळे घालून बसते आणि जमिनीत लावल्यावरही तो वळसा सोडत नाही. आम्ही ना वेटोळे कापले, ना कुंपण केले. दिवाळीपर्यंत शेळ्यांनी निम्मी खाल्ली, होळीपर्यंत उन्हाने उरलेली नेली. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लागली. खड्डे तयार होते, तेवढीच मेहनत वाचली. दोष कोणाला द्यायचा? पाणी घालायची पाळी माझ्यावरही होती आणि मी मार्चनंतर फिरकलो नाही.

आज त्या पांदणीवर नऊ निंब आहेत. त्यांतला एकही आम्ही लावलेला नाही. ते सगळे बोरीच्या आणि हिवराच्या काटेरी झुडपांतून वर आले आहेत. साळुंक्या, बुलबुल, कावळे पिकलेल्या निंबोळ्या खातात आणि झुडपावर बसून बी टाकतात. पहिली तीन-चार वर्षे काट्यांमुळे शेळीचे तोंड पोहोचत नाही, झुडपाच्या सावलीत ओल टिकते आणि सोटमूळ न वळता सरळ खाली जाते. निसर्गाचे हे तंत्र फुकट आहे. फक्त त्यात उद्घाटन नाही आणि फोटो काढण्याजोगेही काही नाही.

कायदा कोठे संपतो

झाडांसाठी कायदे आहेत, पण त्यांची सावली सगळीकडे सारखी पडत नाही. नागरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात २०२१ साली सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानण्यात आले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती सात वर्षे जोपासण्याची अट आली. झाडाचे वय प्रथमच हिशेबात आले, ही मोठी गोष्ट. पण हा कायदा नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीपुरता. वाशीम शहरातला साठ वर्षांचा निंब वारसा ठरतो; तसाच निंब खेड्याच्या फाट्यावर असेल तर नुसता अडथळा. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. त्याच्या मूळ अनुसूचीत साग, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा सोळा प्रजाती आहेत. त्यात लाकूड आणि फळ यांना स्थान मिळाले. निंब, वड, करंज यांना मिळाले नाही.

पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या सुरुवातीला झाडाची किंमत मांडली: वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचे वय. हा आकडा म्हणजे कायदा नव्हे, आणि प्राणवायूची किंमत रुपयांत कशी लावायची यावर वाद होऊ शकतो. पण या आकड्याची गंमत मला घरच्याच एका वादात कळली.

दारातला निंब

आमच्या गावच्या घरासमोर एक निंब आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात वडिलांनी लावलेला. म्हणजे वय पन्नाशीच्या वर. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने घरावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, संधी चांगली. पण छपरावर दुपारनंतर निंबाची सावली येते. "काका, हा निंब आता काढा लागते," तो म्हणाला. "पानं पडतात, नाल्या तुंबतात, अन् आता लाईटचं नुकसान."

मी त्याला समितीचा हिशेब सांगितला. पन्नास वर्षे धरली तरी ३७ लाख २५ हजार रुपये. तो हसला. "मंग इका तो कोणाले." त्याचे चूक नव्हते. सावलीला गिऱ्हाईक नसते. तिची किंमत ती गेल्यावर कळते. वाद तिथेच थांबला असता, पण आई ओसरीवरून म्हणाली, "लाइन गेली की तुहं सोलरबी बंद पडते म्हणतात. निंबाले लाइन लागत नाही." पॅनेल बसवणाऱ्याने खरोखरच तसे सांगितले होते, वीजवाहिनीला जोडलेली ही यंत्रणा भारनियमनात बंद पडते. शेवटी पॅनेल घरावर न बसवता मागच्या गोठ्याच्या छपरावर बसवले. वायर पंधरा मीटर जास्त लागली आणि दक्षिणेकडची एक फांदी कापावी लागली. वीज तयार होते आहे आणि संध्याकाळी शेजारच्या बाया तूर निवडायला अजूनही त्याच निंबाखाली बसतात.

हा प्रसंग सांगितला तो एवढ्यासाठी की झाड आणि विकास यांच्यातला तंटा बहुतेक वेळा पंधरा मीटर वायरीचा असतो. आखणी करण्यापूर्वी कोणी बसून विचार केला तर तो सुटतो. झाडावर लाल रंगाची फुली पडल्यावर मात्र सगळ्याच वाटा बंद होतात.

काय करता येईल

पहिली गोष्ट, झाडे माणसे थांबतात तिथे लावावीत. फाटे, आठवडी बाजार, जिल्हा परिषदेच्या शाळा, आरोग्य उपकेंद्रे, स्मशानभूमी, आणि शेतांत जाणाऱ्या पांदणी. २०२१ पासून राज्यात पाणंद रस्त्यांची मोठी योजना हाती घेतली गेली. खडी आणि मुरूम पडला की त्याच वर्षी कडेच्या धुऱ्यांवर बी टोचायला काय हरकत आहे? महामार्गावरही मुख्य रस्त्यालगत नव्हे, तर सेवारस्त्याच्या पलीकडे, बसथांब्याच्या पश्चिमेला झाड हवे. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, हे आपल्या आजोबांना विहिरीवर झाड लावताना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट, पैसे लावलेल्या रोपाचे देऊ नयेत, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडाचे द्यावेत. निंबाला पहिले तीन उन्हाळे आठवड्याला दोन-तीन घागरी पाणी आणि काट्याचे कुंपण एवढेच लागते. हे काम गावातल्या बचत गटाला द्यावे. जे झाड जगेल त्याचे पैसे त्या बायांच्या खात्यात. मुंबई-नागपूरचा कंत्राटदार टँकर फिरवून निघून जातो. गावातली बाई पाण्याला जाता-येता झाड पाहते.

तिसरी गोष्ट, ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या सावलीच्या झाडांची नोंद ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती कपाटात आहे. तिच्यात 'फाट्यावरचा निंब, अंदाजे वय साठ, खाली रोज चाळीस माणसे थांबतात' अशी एक ओळ असेल, तर उद्या मोजणी करणाऱ्यासमोर ग्रामसभेला काहीतरी दाखवता येईल. निदान रस्ता दोन मीटर सरकवता येतो का, एवढा प्रश्न तरी विचारला जाईल.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. 'गुल्म' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ झाडाझुडपांचा पुंजका असा आहे. राजधानी गेली, राजे गेले. नावातला झाडांचा पुंजका तेवढा राहिला. तो जमिनीवर पुन्हा आणायचा तर फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मृग बरसला की निंबोळ्या पिवळ्या होऊन गळू लागतात. निंबाचे बी फार दिवस टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण्याची ताकद झपाट्याने ओसरते. साठवून ठेवून पुढच्या वर्षीच्या वृक्षारोपण दिनाला ते उपयोगी पडत नाही. पिकलेली निंबोळी उचलावी, गर धुऊन काढावा, एक-दोन दिवस सावलीत सुकवावी आणि बोट-दीड बोट खोल टोचावी. जागा बोरीच्या झुडपाच्या बुडाशी, धुऱ्यावर, शेळीच्या वाटेपासून जरा आत. एका ठिकाणी तीन बिया. मुलांना हे काम फार आवडते, असा माझा अनुभव आहे. यंदा जूनमध्ये मी पुतण्याच्या मुलीला घेऊन त्या फाट्यावर जाणार आहे. रस्त्याची हद्द जिथे संपते तिथे कुंपणाच्या बाहेर दोन बोरी आहेत, त्या मी हेरून ठेवल्या आहेत.